विमान वेळेवर, चहा तोट्यात

तीर्थरूप मामांस भाच्याचा साष्टांग नमस्कार. (ऑफिसात आडवं पडण्याइतकी जागा नाही, तेव्हा तूर्त तो मनातल्या मनात घातला आहे असं समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं मलम लावता, की ते कपाटात ठेवून गुण येत नाही म्हणून कुरकुरता? मामींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, फार बरं वाटलं. आता त्यांना सगळं लख्ख दिसत असेल, तेव्हा तुम्ही जरा जपून राहा. इकडे सगळे खुशाल आहेत. तुमची भाचेसून तिकिटाच्या खिडकीत आहे, सासूबाई कॅन्टीनमध्ये आहेत आणि विमान, हे मी मुद्दाम लिहितो, हवेत आहे.

पत्राचं कारण तुम्ही ओळखलं असेलच. मी विमान घ्यायचं ठरवलं तेव्हा तुम्ही तुमच्या बस डेपोच्या कचेरीत, बशीतला चहा पूर्ण थंड होईपर्यंत माझ्याकडे बघत बसला होतात, आणि मग म्हणाला होतात की एक वर्ष देतो. नफा दाखवलास तर उडव, नाहीतर ते विकून टाक आणि मुकाट्याने माझ्या रिझर्वेशनच्या खिडकीत परत येऊन बस. ते वर्ष संपत आलं. तर मामा, धंदा नफ्यात आहे. (चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच दिसेल.) नफा थोडासाच आहे, पण आहे. तो कुठून आला हे मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल. एका वाक्यात सांगितलं तर तुम्ही हसाल, तुम्ही हसलात की मामी कारण विचारतील, आणि मग ते आईपर्यंत जाईल.

बसच्या आणि आमच्या धंद्यात मोठा फरक असा, की तुमची गाडी डेपोत उभी राहिली की निदान डिझेल तरी पीत नाही. विमान उभं राहिलं तरी खातं, उडालं तरी खातं, आणि खाली उतरलं की उतरल्याबद्दल पैसे मोजावे लागतात ते वेगळेच. तुमच्या गाडीचा आरसा हलायला लागला तर ड्रायव्हर तो तारेने बांधतो आणि ती तार पुढे गाडीबरोबर निवृत्त होते. आमच्याकडे एक स्क्रू बदलायचा तर तो कुठे जन्मला, कोणी पाहिला आणि त्याची चालचलणूक कशी आहे, याचे कागद लागतात. माझ्या स्वतःबद्दलचे इतके कागद लग्न ठरवतानासुद्धा सासूबाईंनी मागितले नव्हते. धुकं पडलं की बंद, वारा आडवा आला की बंद, आणि धावपट्टीवर एखादं कुत्रं निवांत बसलं की त्याची झोप होईपर्यंत बंद.

शिवाय विमान नऊ खुर्च्यांचं, त्यामुळे प्रत्येक प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करावं लागतं. तुमची भाचेसून सुरुवातीला आकडा मोठ्याने वाचायची. (तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे.) आठवड्याभरात बायकांनी आमच्याकडे येणंच सोडलं. आता ती आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालून कॅप्टनला देते. कॅप्टन म्हणजे आमचा पायलट; स्वभावाने कडक, बोलायला कमी, आणि वजनापुढे नातं न मानणारा. तो ज्याचं वजन जिथे शोभेल तिथे त्याला बसवतो. एकदा एक नवीन जावई सासुरवाडीच्या मंडळींबरोबर आला. कॅप्टनने जावयाला सगळ्यात मागे, सामानाच्या पिशव्यांशेजारी बसवलं आणि त्याच्या धाकट्या मेव्हण्याला पुढची खिडकी दिली. जावई रुसला, सासरे हात जोडायला लागले, मेव्हणा जागचा हलेना. शेवटी तुमच्या भाचेसुनेने जावयाला सांगितलं की अख्ख्या विमानाचा तोल फक्त तुमच्यावर आहे. त्यावर तो इतका खुलला की परतीच्या वेळी आपणहून मागे जाऊन बसला.

तर आता नफ्याकडे येतो. तुमच्याकडे मी सगळं शिकलो, एक गोष्ट सोडून: वेळेवर सुटणं. तुमची गाडी तुमच्याच लग्नाचं निम्मं वऱ्हाड मागे ठेवून वेळेवर सुटली होती, हे मामी अजून सांगतात. मला ते जमत नाही. लांबून कोणी पिशवी सांभाळत धावत येताना दिसलं की माझा जीव खालीवर होतो. मग मी कॅप्टनला म्हणायचो, थांबा हो जरा, येतोच आहे तो. तो आला की त्याची बहीण यायची असायची, आणि बहिणीची छत्री रिक्षात राहिलेली असायची. या सगळ्यात विमान रोज तासभर उशिरा सुटायचं, आणि तेवढा वेळ बाकीचे प्रवासी काय करणार? ते सासूबाईंच्या कॅन्टीनमध्ये चहा प्यायचे. मग दुसरा चहा, मग ऑम्लेट, मग वैतागून आणखी एक ऑम्लेट. हे कॅन्टीन मी सासूबाईंना नुसता वेळ जावा म्हणून दिलं होतं. सहा महिन्यांनी हिशेब केला तेव्हा कळलं की विमान तोट्यात आहे, कॅन्टीन फायद्यात आहे, आणि दोन्ही मिळून मी कसाबसा उभा आहे. मामा, तुमचा भाचा विमान कंपनी चालवत नव्हता, चहाच्या टपरीसमोर एक विमान बाळगून होता.

हे कॅप्टनला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलला. त्यातली तीन इथे लिहिण्यासारखी नाहीत. चौथं असं होतं, की उद्यापासून विमान वेळेवर सुटेल, मग तुम्ही आत असा नाहीतर बाहेर. आणि खरोखर तो वेळेवर सुटायला लागला. लोक आमचं कौतुक करू लागले, खुर्च्या भरू लागल्या, विमानाचा तोटा निम्म्यावर आला. पण कॅन्टीन पार बसलं. गावातून विमानतळावर यायला बहुतेकांना परवडतं ते साधन एकच, पुढे तुमच्या गावाला येणारी तुमची सकाळची बस, आणि ती इथे पोचते विमान सुटायच्या अगदी तोंडावर. प्रवासी बसमधून उतरतो, काट्यावर चढतो, काट्यावरून थेट विमानात. चहाचा वास तेवढा घेतो, आणि वासाचे पैसे कसे लावायचे हे सासूबाईंना अजून सुचलेलं नाही. त्या आठवडाभर माझ्याशी तुमच्या भाचेसुनेमार्फत बोलत होत्या. मीठ हवं असलं तरी निरोप तिच्याकडून यायचा, आणि आम्ही तिघं एकाच टेबलावर जेवत असू.

मग इंजिनाचा एक भाग बिघडला. नवा येईपर्यंत विमान जमिनीवर. मी दिसायला चेहरा पाडून होतो, पण मनात म्हटलं, तासभर उशिराने एवढी विक्री, तर दिवसभर उशिराने किती होईल! सासूबाईंचाही तोच हिशेब. त्यांनी मोठा डबा भरून अंडी आणून ठेवली. बस आली. प्रवाशांनी खिडकीतून बघितलं, विमानाचं पोट उघडं दिसलं, आणि एकही माणूस उतरला नाही. सगळे तसेच तुमच्या गावाला निघून गेले, पुढे दुसऱ्या गाडीने जायला. (त्या दिवशी तुमचा गल्ला बरा झाला असेल. चालायचंच.) रोज सकाळी पाय मोकळे करायला येणारी पेन्शनर मंडळीसुद्धा कुंपणापर्यंत येऊन परत फिरली. ती चहासाठी येत नव्हती मामा, विमान उडताना बघायला येत होती, आणि बघून झालं की चहा पीत होती. पुढचे दोन दिवस आम्ही दोन्ही वेळा अंडी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः माझ्या टेबलापुढे येऊन थेट माझ्याशी बोलल्या. "जावईबापू, ते तेवढं उडवा. समोर ते नसलं की माझ्या चहालाही चव येत नाही." आणि तो भाग मागवायला कॅन्टीनची सगळी शिल्लक त्यांनी माझ्यासमोर ठेवली. विमान पुन्हा उडालं तेव्हा त्या झारा हातात घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या, पेन्शनर टाळ्या वाजवत होते, आणि मला, खरं सांगतो, भरून आलं. मला हे विमान विकायचं नाही, मामा. तोटा झाला तरी विकायचं नाही, आणि आता तर तो होतही नाही. इथे मला रोज सकाळी कामावर जावंसं वाटतं. तुमच्या रिझर्वेशनच्या खिडकीबद्दल आदर राखून सांगतो, तिथे तसं कधी वाटलं नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला मलम लावा.

तुमचा विमानवाला भाचा

ता. क. एक बारीकशी विनंती राहिलीच. तुमची सकाळची बस गावातून तासभर आधी सुटली, तर प्रवाशांना विमानतळावर निवांत चहा घेता येईल. विमानही वेळेवर, कॅन्टीनही भरलेलं. तुम्ही उभ्या आयुष्यात वेळापत्रक बदललेलं नाही हे मला ठाऊक आहे. पण भाच्यासाठी एकदा विचार करावा.

ता. क. दुसरा. विचार शांतपणे करा, घाई नाही. कारण वर जो थोडासा नफा म्हटला, तो गाडी तासभर आधी सुटायला लागल्यापासूनचाच आहे. आमच्या गावातल्या तुमच्या स्टँडवरच्या पाटीवर नवीन वेळ मीच रंगवली. गाडी हल्ली तुमच्याकडे लवकर पोचते म्हणून तुम्ही ड्रायव्हरला भरधाव हाकतोस असं झापलंत, ते कळलं. त्याची काही चूक नाही. त्याला मी सांगितलं होतं की मामांनी परवानगी दिली आहे, आणि सासूबाईंनी त्याला रोज ऑम्लेट दिलं.

ता. क. तिसरा. हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे. तासभर आधी मिळेल.