चिनीमातीचं वाण

अण्णा, तुमचा जांभळा गालिचा काल मी गच्चीवर उन्हात टाकला. तुम्ही असता तर अख्खी इमारत डोक्यावर घेतली असती. गालिचा सावलीत वाळवायचा, पालथा वाळवायचा, पंख्याखाली वाळवायचा, हे सगळं मला झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवता येईल. मी तो सुलटा टाकला, भर दुपारी, मे महिन्यात. आईने त्याच्या एका कोपऱ्यावर तुमचं जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर कुरडया घातल्या. आम्ही दोघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत कावळे हाकत बसलो होतो. आई म्हणाली, "काय छान सपाट आहे गं हा, कुरडयांना." तेव्हापासून तुम्हाला चार शब्द सुनावावेत असं फार वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की माणसं आता तुमच्याबद्दल फक्त चांगलंच बोलतात. इथे मद्रासमध्ये, वेस्ट मांबलमच्या आपल्या इमारतीत जे जुने लोक उरलेत ते जिन्यात भेटले की म्हणतात, काय माणूस होता! मी मान डोलावते. बँकेतला साधा माणूस, मिरजेहून बदली होऊन आला, इथलाच झाला, तमिळ शिकला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरं आहे. पण त्यांना तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत तुमच्याबरोबर राहावं लागलं नव्हतं.

सुरुवात दाढेपासून झाली. माउंट रोडच्या मागे एक चिनी दंतवैद्य होते, त्यांच्याकडे तुम्ही दाढ काढायला गेलात. त्यांच्या टेबलावर एक जांभळी वाटी होती, तळहातात मावेल एवढी. तुम्ही दर खेपेला दाताऐवजी तिच्याबद्दलच विचारत राहिलात, म्हणून दवाखाना बंद करून मुलाकडे परदेशी जाताना त्यांनी ती तुमच्या हातात ठेवली. मी तेव्हा शाळेत होते. त्या वाटीपासून तुम्हाला जे लागलं ते लागलंच. शुक्रवारी पहाटेची लोकल पकडून पल्लावरमचा जुना बाजार, तिथून परस्पर बँक. सुट्टी लागून आली की कारैकुडी, चेट्टियार व्यापाऱ्यांच्या मोडीत निघालेल्या मोठ्या घरांतलं सामान बघायला. चिनी हवं, जुनं हवं आणि जांभळं हवं. निळं-पांढरं कोणीही गोळा करतं, तुम्ही म्हणायचात, जांभळा भट्टीत सांभाळणं कठीण, जरा बिनसलं की तपकिरी होतो. वाट्या आल्या, बशा आल्या, फुलदाण्या, जांभळ्या खड्यांच्या माळा, आणि शेवटी तो गालिचा. तो आल्यापासून आपण आपल्याच हॉलमध्ये भिंतीला पाठ घासत चालायला लागलो. आई सगळ्याला एकच नाव द्यायची. "आज कुठलं वांगं आणलंत?" तुम्ही हसायचा नाहीत. "हा अंजिरी आहे. डोळे आहेत ना तुला?"

डोळे होते तिला. तुमच्याकडे किती होते ते पुढे सांगते.

ती बांगडी आठवते का? फिक्या जांभळ्या दगडाची, एकाच दगडातून कोरलेली. तुम्ही ती रुईच्या कापसात गुंडाळून कपाटात ठेवली होती. बायको घरात असताना बांगडी कापसाने घालायची, हे तुम्हाला कधी विचित्र वाटलं नाही. एका संक्रांतीला आईने ती हातात चढवली, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला जायला. तुम्ही बँकेतून आलात आणि तिचा हात धरून तिला मोरीपाशी नेलंत. बांगडी चढली होती, उतरेना. साबण लावला, मग गोडं तेल. तिचा अंगठ्याखालचा भाग लालबुंद झाला होता आणि मी स्वयंपाकघराच्या दारात तिळगुळाचा डबा धरून उभी. "थांब, अशी ओढू नको, चीर जाईल," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "माझ्या हाताला?" आणि तुम्ही अगदी सरळपणे म्हणालात, "बांगडीला." ती उतरली तेव्हा तुम्ही उजेडाकडे धरून बघितली, पुसली, परत कापसात ठेवली. आई मंडळात गेली नाही. सुजलेला हात पदराखाली धरून तिने संध्याकाळचा भात लावला.

घरात दुसराही एक संग्रह होता, तो तुम्ही कधी बघितला नाहीत. मिरजेहून आलेल्या माझ्या आईला मद्रासमध्ये काही म्हणजे काही रुचलं नव्हतं. पाणी नाही, भाषा नाही, भाकरीचं पीठ नाही. रुचला तो गोलू. समोरच्या दारातल्या तमिळ मामींनी पहिल्या नवरात्रात तिला आपल्याकडे बोलावलं, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या दाखवल्या, आणि ती घरी आली ती डोळे मोठे करून. पुढच्या वर्षीपासून आपल्याकडेही पायऱ्या लागल्या. इथल्या रीतीप्रमाणे दर वर्षी एखादी तरी नवी बाहुली. नवरात्राच्या आधी आई आणि मामी मैलापूरला देवळाभोवतीच्या रस्त्यांवर जायच्या, फुटपाथवर मांडलेल्या मातीच्या बाहुल्यांत तासन्‌तास उकिडव्या बसायच्या. वाण्याचं जोडपं, सनईसारखं नादस्वरम वाजवणारे, पोपट घेतलेली बाई, शेषशायी विष्णू. ती घासाघीस तमिळमध्ये करायला शिकली ती तिथेच. विजयादशमी झाली की एकेक बाहुली जुन्या साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी माळ्यावर. या शहरात तिचं असं काही होतं तर ते त्या पेटीत होतं.

मी पेरुंगुडीला नोकरीला लागले, त्सुनामी येऊन गेली, तिच्या पुढच्या वर्षीच्या नवरात्रानंतर तुम्ही ती पेटी माळ्यावर चढवू दिली नाहीत. माळा तुमच्या वाट्या-बशांनी भरला होता. "चिनीमाती कोरड्या जागी हवी," तुम्ही म्हणालात आणि पेटी पायाने खाटेखाली सरकवलीत. अण्णा, मी शांतपणे विचारायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. चिनीमातीला पाण्याने काय होतं हो? भट्टीतून भाजून निघालेली ती. धुतली, पुसली, झालं. भट्टीवर तासभर व्याख्यान देणाऱ्या माणसाला, कच्ची माती कुठली आणि भाजलेली कुठली हे घरात कळू नये?

त्याच महिन्यात पावसाने मांबलम बुडवलं. मी पेरुंगुडीला ऑफिसातच अडकले होते, तिथल्या रस्त्याचीही नदी झाली होती. घरी काय झालं ते आईने मला एकदाच सांगितलं. गटाराचं पाणी उंबऱ्यावरून आत आलं तेव्हा ती ओरडली, "खाटेखालची पेटी!" तुम्ही म्हणालात, "आधी हे टोक धर." तिने धरलं. तुम्ही दोघांनी गालिचा गुंडाळलात, खाटेवर चढवलात, तो जड होता, मधे वाकत होता, पुन्हा उचललात. मग तुम्ही खालच्या कपाटातल्या फुलदाण्या वर घ्यायला लागलात आणि त्याही तिनेच तुमच्या हातात दिल्या. पाणी तोवर तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं.

मी घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर पाय दुमडून बसली होती आणि तिच्यापुढे पेटी उघडी होती. आत चिखल होता. रंगीत चिखल, निळा, पिवळा, गुलाबी, आणि त्यात साड्यांचे तुकडे. ती बोटांनी चाळत होती. लाल लाकडाचं राजा-राणीचं जोडपं तेवढं अख्खं सापडलं. हॉलमध्ये तुम्ही दोन खुर्च्यांवर गालिचा टाकून वर बघत होतात, वीज कधी येते आणि पंखा कधी फिरतो म्हणून. मी काहीतरी बोलले असेन, कारण तुम्ही मला उत्तर दिलंत. "पुढच्या वर्षी नव्या आणू. मातीच्याच तर होत्या."

त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढलंय, फोन आहे, एवढंच. तुम्हाला फरक पडला असं दिसलं नाही.

आई मात्र तुमच्याशी बोलत राहिली, गोड बोलत राहिली, आणि मला तिचाही राग यायचा. पुढच्या नवरात्रात ती मैलापूरला गेली नाही. तिने पायऱ्या लावल्या, पांढरं धोतर अंथरलं, वर कलश आणि ते लाकडी जोडपं ठेवलं, आणि तुम्हाला म्हणाली, "अहो, बाकीच्या पायऱ्या रिकाम्या बऱ्या नाही दिसत. तुमच्या वाट्या मांडूया का?" तुमचा चेहरा! इतक्या वर्षांत तिने तुमच्या वांग्यांना पहिल्यांदा मान दिला होता. तुम्ही स्वतः माळ्यावर चढलात. एकेक वाटी पुसून खाली दिलीत, गडद मागे आणि फिक्या पुढे असं सांगत बसलात, वरून एक दिवा लावलात. दंतवैद्यांची वाटी मधोमध. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं.

संध्याकाळी बायका आल्या. समोरच्या मामी, वरच्या मजल्यावरच्या, मंडळातल्या. मामींनी गाणं म्हटलं, हरभऱ्याचं सुंडल वाटून झालं. मग आईने मामींना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, विडा दिला, आणि मागे वळून पायरीवरची मधली वाटी उचलून त्यांच्या हातात ठेवली. "वाण आहे मामी. आमच्याकडची पद्धत. नाही म्हणायचं नाही." मग पुढची बाई, पुढची वाटी. माझ्या आईने त्या संध्याकाळी गोलूवर संक्रांतीसारखं वाण लुटलं. तुम्ही दारात उभे होतात. तुमच्यासमोरून बायका पिशवीत नारळ, विडा आणि तुमची चिनीमाती घेऊन हसत हसत चपला घालत होत्या. तुम्ही एकदाच म्हणालात, "अगं..." आणि आई मागे न बघता म्हणाली, "आत बायका आहेत. तुम्ही बाहेर थांबा." सवाष्णीच्या ओटीत पडलेलं परत मागता येत नाही हे तुम्हालाही माहीत होतं. मी त्या रात्री पोटभर जेवले, अण्णा. फार दिवसांनी.

त्यानंतर पल्लावरम बंद झालं. दर शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही समोर जायला लागलात, मामींकडे, कॉफीला. ज्या माणसाने कधी कुणाचा उंबरा ओलांडला नव्हता तो मामांशी क्रिकेट बोलायला लागला, मामींच्या गुडघ्याची चौकशी करायला लागला. लोकांना वाटलं, निवृत्तीनंतर माणूस मोकळा झाला. मला वाटलं, गेले वाटी बघायला. आईलाही मी तसंच म्हणाले, आणि ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "बघू देत." दोन वर्षं तुम्ही गेलात. मग भाद्रपदात, नवरात्र तोंडावर आलेलं असताना, तुम्ही छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत. सुतकात गोलू कसला. जाता जाताही तिचं एक नवरात्र घेऊन गेलात.

एवढ्यावर मी सुखाने तुमच्यावर चिडून राहिले असते. पण दोन-तीन महिन्यांपूर्वी मामींकडे काही द्यायला गेले होते. मामा गेले, मामी आता थकल्यात. त्यांचं कपाट बघून मी सहज विचारलं, "ती आमची जांभळी वाटी कुठेय हो, मामी?"

"अदु अंद दीपावळिक्के उडंजु पोच्चे," मामी म्हणाल्या. त्याच दिवाळीत फुटली होती ती. मोरीत, घासताना. मामींनी घाबरत घाबरत तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही "विडुंगो मामी" म्हणालात, जाऊ द्या, आणि पुढच्या शुक्रवारी परत हजर.

"मग काय करायचे येऊन?" मी विचारलं.

मामी म्हणाल्या, बाहुल्या विचारायचे. तुझ्या आईच्या. वरच्या पायरीवर काय होतं, त्याच्या खाली काय. पोपटवालीची साडी कुठल्या रंगाची. मी सांगायचे, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा चुकायचे, विष्णूला नादस्वरमवाल्यांच्या शेजारी बसवायचे. मी त्यांना रागवायचे, वीस वर्षं तुमच्याच घरात होत्या ना?

अण्णा, मला याचा आनंद व्हायला हवा होता का? मला संताप आला. आई समोरच्या दारात होती. मधे फक्त जिन्याची जागा होती. बाजाराच्या त्या टोकाहून अंजिरी ओळखणाऱ्या माणसाला आपल्या बायकोला एकदा विचारता आलं नाही, पोपटवालीची साडी कुठल्या रंगाची होती? तिला ते ऐकायला हवं होतं. एकदाच. तुम्ही ते मामींना विचारलंत, आणि मग मरून गेलात.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती रडेल आणि तुम्हाला माफ करेल, आणि ते मला नको आहे. हे पत्रही गालिच्याच्या घडीत घालून ठेवणार आहे, कुरडया झाल्या की. पण आज शुक्रवार आहे, आणि मी चपला घालून बसले आहे. हल्ली दर शुक्रवारी मी समोर जाते. मामी स्टीलच्या पेल्यात कॉफी देतात, आणि तुम्ही काय काय विचारायचात ते मी त्यांना परत पहिल्यापासून सांगायला लावते.