भुताला संवाद नसतात

३ फेब्रुवारी
सकाळपासून चहाच्या पाण्यात साड्या उकळतोय. भुताच्या. नवी कोरी पांढरी साडी आणायची आणि शंभर वर्षं जुनी करायची. चहा, लोखंडाचा गंज, चिखल. ह्याचे पैसे मिळतात, कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.
काम मिळालं ते आत्यामुळं. म्हणजे आमच्या म्हैसूरजवळच्या हिनकलच्या अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले निळीचे रांजण आहेत, त्यांच्यामुळं. रंगाऱ्यांची बाकी घरं आता मोबाइल रिपेरी नाहीतर ऑफिसात. आत्या अजून वर्षातून दोनदा एक रांजण लावते, नीळ घालून कापडं रंगवते. सिनेमावाले रांजण बघायला आले, आत्यानं कॉफी दिली आणि कॉफीबरोबर आमच्या रंगाऱ्यांच्या नीळाईची गोष्ट पण दिली. डायरेक्टर पुण्याचे (पुढं डा.). डोळे मोठे करून ऐकत होते. “आत्या, हाच माझा सिनेमा.”
आत्या तेव्हापासून जमिनीवर नाही. पूर्ण गल्लीला सांगून झालं. नीळाईवर पिक्चर, मरी, नोडु तू, बघ बाळा.

५ फेब्रु.
भुताचं काम करणारी आली. कुसुम. सिद्दी आहे, यल्लापूरच्या रानातली, इथं नाटक शिकली. हिच्या लोकांना कोणे एके काळी आफ्रिकेतून जहाजात घालून आणलं, गुलाम म्हणून. ते पण मला तिनंच सांगितलं, शाळेत कोणी सांगितलं नाही (किंवा मी त्या दिवशी गेलो नसेन). बोलते कोंकणी-मराठी-कन्नड सगळं एकात, आमच्यासारखंच. रिक्षावाला म्हणे इंग्लिशमध्ये विचारत होता, विच कंट्री. हिनं कन्नडात सांगितलं, उत्तर कन्नड जिल्हा. तो तरी म्हणाला, नो नो, कंट्री.
हात कोपरापर्यंत निळे करायचे म्हणून घरी आणली. आत्यानं दारातच बघितलं. कॉफी दिली, पण बाहेरच्या खिडकीतल्या ग्लासात. तो ग्लास कोणाचा असतो ते मला माहीत आहे. गवंड्याचा.
ती गेल्यावर –
“ही नीळाई? आमची नीळाई गोरीपान होती.”
“तू बघितलीस?”
“सुम्ने बस, गप्प. जास्ती शहाणपणा नको.”
ग्लास मी धुतला आणि आत ठेवला. आत्यानं परत बाहेर ठेवला. मी परत आत. जेवणापर्यंत हेच चाललं.

८ फेब्रु.
आज स्क्रिप्टचं वाचन झालं. लगेच लिहितो.
आमची गोष्ट अशी आहे. बन्नूरकडचं एक गाव. उन्हाळा, गुरं मरत होती. गावचा यजमान, म्हणजे पाटील, म्हणाला, तळ्यात कोणीतरी विष घातलं. कोणी? रंगाऱ्यांनी. पुरावा? नीळाई समोर उभी होती आणि तिचे हात निळे होते. ती म्हणाली, माझे हात काय बघता, पाणी बघा. एकानं पण पाण्याकडं बघितलं नाही. तिला तिच्याच रांजणात बुडवली. उरलेले रंगारी रातोरात म्हैसूरला आले. ते आम्ही.
आता सिनेमा. नीळाई चेटकीण. विष तिनंच घातलंय. मरून परत येते आणि गावातली पोरं खाते. यजमानाचा पणतू अमेरिकेतून येतो, रांजणात खिळे ठोकून तिला गाडतो. टाळ्या. तो हिरो.
कुसुम म्हणाली, “सर, माझं बोलणं कुठं आहे?”
डा.: “भुताला संवाद नसतात गं. तू गुरगुरायचं. तुझा चेहराच इतका बोलका आहे.”
“पोरांना का खाते ती?”
“भूत आहे म्हणून.”
मी काही बोलणार तेवढ्यात चहा आला. आणि चहावाल्याबरोबर एक कुत्रं, एका कानाचं. त्याच्यामागं गेलो, परत येतो तर वाचन संपलेलं. असा मी.

११ फेब्रु.
काम नव्हतं. बोगादीपर्यंत सायकलवर, चेन दोनदा पडली. डोक्यात तेच.
लहानपणापासून भुताचे पिक्चर बघतोय. पहिल्या रांगेत, बोंडा खात. भूत कोण असतं? मोलकरीण. वाड्यावरची नाचणारी. झाडाला टांगलेला पोर. जिला जाळली ती. ज्याला गावाबाहेर ठेवला तो. ज्यांना मारलं तेच भूत, आणि मारणारा कधीच भूत होत नाही, त्याचा फोटो हार घालून हॉलमध्ये असतो. शेवटी त्याचाच नातू मांत्रिक आणतो आणि मेलेलीला परत एकदा मारतो. आपण बोंड्याचे हात पुसून टाळ्या वाजवून घरी. एकदा मारलं ते गावानं. दुसऱ्यांदा मारतात ते तिकीट काढून.
भीतीच घालायची तर यजमानाची घाला ना. सगळं गाव काठावर उभं आहे आणि एक पण माणूस पाण्याकडं बघत नाही, ह्याच्यापेक्षा भयानक काय आहे? ह्याला ग्राफिक्स पण लागत नाही.
सायकलवाल्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला चेन बदला.

१४ फेब्रु.
बन्नूर. कालव्याकाठी शूटिंग, ऊसाच्या बाजूला. काळं कापड बांधून भर दुपारी रात्र केलेली, आत भट्टी.
मेकअपवाला ओरडून म्हणाला, “हिला आणि काय लावू? देवानंच लावून पाठवलीय.” सगळे हसले. लाइटवाले हसले, बघायला आलेले हसले. डा. पण, थोडंसं, मान खाली घालून. कुसुमच्या चेहऱ्यावर काही नाही. सवय आहे, ती नंतर म्हणाली. त्या सवयीचाच जास्त राग आला मला. चहाच्या पाण्याची बादली लाथाडली, उद्याची साडी भिजली, शिव्या खाल्ल्या.
संध्याकाळी ती डा.कडं गेली. मी कपडे घड्या करत तिथंच.
“सर, शेवटच्या सीनमध्ये एक वाक्य द्या. आत्यांच्या गोष्टीत नीळाई बोलते ते. तेवढं बोलते, मग ठोका खिळे.”
“कुसुम, ही तुझी पहिली फिल्म आहे ना?”
“हो.”
“मग ती शेवटची का करतेस?”
ती म्हणाली, वाक्याशिवाय शेवटचा सीन करणार नाही. डा. म्हणाले, ठीक आहे, बेंगळूरूहून दुसरी येईल. लांबून कळणार नाही. झालं. एवढ्यात झालं.
बसमध्ये ती माझ्या शेजारी. हात अजून निळे.
“तुमच्या नीळाईचे हात बघून ठरवलं. माझं तोंड बघून ठरवतात. पाणी कोण बघतं, विनू?”
बसमधले सगळे वळून वळून बघत होते तिच्याकडं.

१७ फेब्रु.
शेवटच्या सीनची साडी रांजणातून काढायची होती, निळी. माझ्या हातानं नेहमीचं केलं, विचार न करता. पदराच्या कोपऱ्यात दोऱ्यानं गाठ. आमच्याकडं प्रत्येक कापडाला असते. तिथं निळं पोचत नाही, पांढरं गोल राहतं, ते नीळाईचं. पहिल्यांदा नेसणारी ती गाठ स्वतः सोडते आणि नीळाईचं ते ‘पाणी बघा’चं वाक्य म्हणते. आत्यानं माझ्या बहिणीच्या लग्नात म्हणायला लावलं होतं.
कपडेवाल्या मॅडमनी ती गाठ कात्रीनं कापली. “हा डाग कसला? कंटिन्यूइटी जाईल.” दुसरी साडी रंगव म्हणाल्या.
आत्याला सांगितलं. कुसुमला काढली तेव्हा काही बोलली नव्हती. कात्री ऐकल्यावर ताटावरून उठली.

१९ फेब्रु.
बेंगळूरूची मुलगी हात रंगवायला घरी आली. गोरी. बिचारी चांगली आहे, तिचा काय दोष. पण येतानाच तिला काळं लावून आणलेलं, ब्रशनं, तोंड मान सगळं. कानांच्या मागं राहिलेलं. घामानं गळ्यावर ओघळ.
आत्या दारात.
“अय्यो. हे काय?”
मॅनेजर: “अम्मा, भूत म्हणजे काळं दिसायला हवं ना.”
“नीळाईच्या तोंडाला काळं फासलं?”
“मेकअप आहे, अम्मा.”
मी म्हटलं, “तुला गोरी पाहिजे होती ना? घे. गोरीच आहे. खालून.”
आत्या मला मारेल असं वाटलं. मारलं नाही. स्वतःच्या हातांकडं बघत बसली. तिच्या नखांचा रंग काय निघत नाही, साठ वर्षं झाली निळीच आहेत. मग एकदम – “शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नव्हतं. हात बघून.” हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मुलीला म्हणाली, जा मरी, तोंड धू, साबण तिथं आहे. मॅनेजरला म्हणाली, साकु, पुरे. अंगण माझं. ती यल्लापूरची येईल तर रांजण मिळेल, नाहीतर जमीन खणून दुसरीकडं न्या.
खणून न्यायला तो काय तुळशीचा डबा आहे. रांजणाचे आधीचे सीन इथंच झालेत. मॅनेजर फोन घेऊन रस्त्यावर गेला.

२१ फेब्रु.
झालं. कसं झालं तेवढं लिहून ठेवतो.
कुसुम आली. आत्यानं माफी वगैरे काही मागितली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. नवी साडी स्वतः रंगवलेली, गाठीसकट. तिच्या हातात दिली.
“सोड.”
कुसुमनं दोरा सोडला. पांढरं गोल.
“आता म्हण. माझे हात काय बघता –”
“माझे हात काय बघतोस, पाणी बघ.”
“बघतोस नाही. बघता. अख्खं गाव होतं समोर.”
“माझे हात काय बघता. पाणी बघा.”
“हां. अजून जरा मोठ्यानं. मरायला उभी आहेस तू.”
शेजारपाजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या. कोणी हसलं नाही.
डा. घड्याळ बघत होते. म्हणाले, “बरं, म्हणू दे. आवाज तर नंतर डब होणार आहे.”
शॉट. रांजणातून ती वर आली, निळं पाणी गळतंय, कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली. एकदाच. हिरो खिळा हातात धरून उभा, त्याची पाळी विसरला. डा. कट म्हणायला उशिरा म्हणाले.
नंतर कॉफी. आत्यानं आतला ग्लास काढला. कुसुमनं बघितलं, आणि खिडकीतला पण बघितला. प्यायली. “साखर जास्त झाली, अक्का.”

२ मार्च
कुसुमचा फोन. डबिंगला तिला बोलावलं नाही. गुरगुरणारा एक माणूस असतो म्हणे मुंबईला, सगळ्या भुतांचं तोच करतो. पुरुष.
म्हणजे नीळाई तोंड उघडणार आणि त्याचा आवाज येणार. डा.ना फोन केला, उचलत नाहीत. मेसेज केला, मोठा, चुकांसकट. दोन निळ्या खुणा आल्या. बास.
आत्याला सांगितलं. ती रांजण ढवळत होती.
“आवाज त्याचा. पण ओठ तिचे ना?”
“ओठ तिचे.”
“जवळून घेतलंय का तोंड?”
“घेतलंय. ठेवतील का ते माहीत नाही.”
परत ढवळायला लागली. मग म्हणाली, सगळ्यांची तिकिटं काढ, पहिल्या दिवसाची. पूर्ण रांग. तिचं पण, माझ्या बाजूचं. तिथं तिचा आवाज नाही आला तर आपल्याला वाक्य येतं की.
कधी लागणार, कुठं लागणार, काही माहीत नाही. मी तोपर्यंत गावात असेन की नाही ते पण नाही, कारवारला एक काम आहे म्हणे. आत्या मात्र त्या रांगेत कोणकोण बसेल ते बोटांवर मोजत होती, निळ्या.