आईच्या गाण्यावरची हळद

रविवार, संध्याकाळ. बाळकुम.

उजव्या हाताची बोटं सुजलीत, नीट लिहवत नाहीये. आज मानपाड्याला मावसबहिणीच्या हळदीत डीजेवाल्याच्या तोंडावर बुक्की घातली. दात पडला साल्याचा. मामा खाडीत बुडाला तेव्हा आईने रडत रचलेलं गाणं, आणि हा त्यावर पब्लिक नाचवतो! कल्याणपासून ठाण्यापर्यंत प्रत्येकाचं वेगळं रिमिक्स. किती जणांना ठोकू?

लोकांनी मला धरलं. तो रक्त थुंकत म्हणाला, "दादा, मी फक्त बीट टाकली. बेंजोवर आधीच होतं ते."

बेंजोवर पहिल्यांदा मीच वाजवलेलं. बारावीत होतो, कोणाच्या तरी वरातीत. लोक नाचले, मी खूश. आई तेव्हा बाजूला गप्प उभी होती. आजही तशीच.

घरी येऊन तिनेच बोटांना हळद लावली. त्या वरातीत माझा दात कोणी का नाही पाडला?