मेथीचा वाफा

तीर्थरूप आई,

तुमचा चारुदत्त दर रविवारी फोनवर तुम्हाला "मी मजेत आहे" म्हणतो, ते खोटं आहे. मार्चमध्येच त्याची नोकरी गेली. "आईला कळवू नकोस," अशी त्याने मला शपथ घातली आणि इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून बसून राहिला. लेकीशी, शुभ्राशीही बोलेना.

शेवटी माझ्या ऑफिसातले सईदसाहेब म्हणाले, "अल ऐनच्या रस्त्यावर वडिलांचं शेत ओसाड पडलंय. हवं ते लावा." मी चारुदत्तला ओढतच तिकडे नेलं. सगळीकडे काटेरी झुडपं माजली होती. बाह्या दुमडून त्याने कोयता उचलला. हात रक्ताळले तरी थांबेना.

आता तो रोज पहाटे तिकडे जातो. वांगी धरलीत. "बाबा, यू स्मेल लाइक मड!" असं ओरडत शुभ्रा त्याला बिलगते. नोकरी मात्र अजून नाही.

मघाशी तो म्हणाला, "अनु, आईला फोन लावतो. मेथी फोकायची की ओळीत पेरायची, ते विचारतो. आणि बाकीचंही सांगतो."

आता हे पत्र पाठवायला नको. पलीकडच्या खोलीत तो तुमच्याशी बोलताना रडतोय. रडू द्या त्याला, आई.

तुमची,
अनुपमा