दुसऱ्या मजल्याची किल्ली

मी, सुकदेव मगन बोरसे, वय वर्षे ७६, राहणार पिंप्राळा, जळगाव, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (दडपण आणून पाहिले गेले, ते पुढे येईलच) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती कपाटातून काढून कोणीतरी वाचली होती. परत ठेवताना घडी उलटी घातली, म्हणून कळले.

१. पिंप्राळ्याचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी भिकुबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्या पश्चात दोन्ही आमचा मुलगा भूपेंद्र याला मिळावे. कपाटाची किल्ली मात्र भिकुबाईनेच कमरेला ठेवावी.

२. आता स्टेशनजवळच्या इमारतीविषयी. सगळ्यांचा डोळा तिच्यावरच आहे.

अमळनेरच्या तेलगिरणीत मी एकतीस वर्षे फिटर होतो. गिरणी बंद पडली तेव्हा मिळालेले पैसे आणि पारोळ्याकडची आईची जमीन विकून ही तीन मजली इमारत बांधली. तळाला दुकाने, पहिल्या मजल्यावर शिकवणी, दुसऱ्यावर एका कंपनीचे ऑफिस. ऑफिसातली चाळीस मुले-मुली जिना चढायची, तेव्हा खाली उभे राहून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकायला मला फार आवडे. मग टाळेबंदी आली आणि सगळे घरून काम करू लागले. साथ गेली, तरी ते परत आले नाहीत. २०२३ साली कंपनीने टेबल-खुर्च्या तिथेच सोडून किल्ली माझ्या हातात दिली. घरून काम म्हणजे ना घरचे, ना ऑफिसचे, असे माझे स्पष्ट मत होते.

भूपेंद्र प्लॉटचे व्यवहार करतो. तो म्हणाला, "आबा, ऑफिसांचा जमाना गेला. आता ऑफिस पिशवीत मावतं. पाडून फ्लॅट काढू, बिल्डर तयार आहे." मी नाही म्हटले. महिन्याभरात जिन्यात मोजपट्टी सापडली. तेव्हापासून मी कोणावरही विश्वास ठेवलेला नाही.

३. पुढे दुसऱ्या मजल्यावर खिडकी उघडी दिसू लागली. पंख्याची पाती पुसलेली. वॉचमन झिपरूला विचारले, तर म्हणाला, "वर कोनी नही शे, आबा. बठ्ठं कुलूपबंद शे." इतके चटकन उत्तर खरे बोलणारा माणूस देत नाही. मी घरून कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे, पीठ पुडीत नेले आणि दाराच्या आत पातळ पसरले.

दुसऱ्या दिवशी त्यात अनवाणी पाऊल उमटले होते, बोटापाशी जोडव्याची खूण. बिल्डरचा माणूस बूट काढणार नाही. माझ्या इमारतीत चप्पल दाराबाहेर काढणारी एकच बाई, माझी सून दिपमाला. पुण्याच्या कंपनीत विम्याचे अर्ज तपासण्याची नोकरी ती लग्नापासून घरूनच करते. गेले वर्षभर रोज दहाला "शिवणाच्या क्लासला जाते" म्हणून बाहेर पडत होती. नवऱ्याला इमारतीचे कागद पुरवते आहे, अशी माझी खात्री पटली.

सोमवारी अकरा वाजता मी जिना चढलो आणि दाराआड पाऊण तास उभा राहून "बिल्डर" हा शब्द ऐकू येण्याची वाट पाहिली. तो आला नाही. ती भिंतीकडे तोंड करून, कानाला यंत्र लावून बसली होती आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चार पुरुषांना त्यांची चूक समजावत होती. तो आवाज मी आमच्या घरात कधी ऐकलेला नाही. मग पलीकडून कोणी काही विचारले असावे. ती म्हणाली, "हो, मी ऑफिसातच आहे."

तेवढ्यात तिने मागे पाहिले. दचकून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, चहा ठेवू का?"

तिथे ना शेगडी, ना दूध. तरी तिच्या तोंडून तेच निघाले.

घरी ती कॉम्प्युटरपुढे बसली की भिकुबाई म्हणायची, "घरमाच ते शे ती." आणि हाक मी मारायचो. चहाला, चष्म्याला, दार उघडायला. मीटिंगमधून उठून ती यायची, आणि मी म्हणायचो हिला काही काम नाही. शिवणाचा क्लास तिला का लागला, ते मला त्या दाराआड कळले. मला लाज वाटली. खाली टपरीवर जाऊन दोन चहा मीच वर आणले.

४. सबब, इमारतीचा दुसरा मजला माझी सून दिपमाला भूपेंद्र बोरसे हिला एकटीला देत आहे. बाकीची इमारत भूपेंद्रला, पण दिपमालाच्या लेखी संमतीशिवाय ती विकता किंवा पाडता येणार नाही. ही सही घरी, जेवणाच्या ताटावर घेतलेली असल्यास ग्राह्य धरू नये.

५. माझी पान्ह्यांची पेटी झिपरूला. दिपमालाला स्वतःजवळची किल्ली त्यानेच दिली आणि वर्षभर माझ्या तोंडावर खोटे बोलला. माणूस विश्वासू आहे, फक्त माझा नाही.

६. मी गेल्यावर दिवसकार्य आटोपले की दिपमालाने दहा वाजता कामावर जावे. तिला दहा ते सहा घरातून कोणीही हाक मारू नये. ही अट मोडणारा मीच पहिला होतो, म्हणून ती मीच लिहून ठेवतो.

हा कागद मी आठवडाभर तिच्या पलीकडच्या टेबलावर बसून लिहिला. "काय लिहिता, आबा?" असे तिने एकदा विचारले. मी म्हटले, वीज कंपनीला अर्ज. तिने विश्वास ठेवला. एवढा विश्वास बरा नव्हे, हेही तिला कोणीतरी सांगावे.

आज रविवार, तिची सुट्टी, म्हणून सह्या आजच उरकल्या. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यादेखत सही केली. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही.

सही: सुकदेव मगन बोरसे

साक्षीदार: १. प्रेमराज तोताराम महाजन, जळगाव
२. नवल झगा सोनवणे, अमळनेर

दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५
ठिकाण: दिपमालाचे ऑफिस, दुसरा मजला, जळगाव