विहिरींचा अहवाल

दि. ४ फेब्रुवारी

चि. नाना यास अक्काचे आशीर्वाद, आणि त्याला जोडून थोडा रागही.

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. तुझ्या कचेरीतल्या त्या मुलीला अटक झाली तेव्हापासून तू गप्प आहेस. बोलका तू कधीच नव्हतास म्हणा. लहानपणी दाढ दुखली तरी घरात सांगायचा नाहीस, गाल सुजला की आम्हाला कळायचं. सैन्याची कागदपत्रं सांभाळायला त्यांनी माणूस मात्र अगदी पारखून घेतला!

इकडे माझ्या चष्म्याच्या दुकानात दुसरा विषय नाही. नंबर तपासायला बसवलेली माणसं भिंतीवरची ओळ अर्ध्यात सोडून तिच्याबद्दल बोलायला लागतात. तोफांच्या सरावाच्या मैदानाला लागून जी वस्ती आहे, तिथल्या सात विहिरींचं पाणी विषारी झालंय, हे सैन्यानेच तपासून घेतलं. मग अहवालावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारला आणि चार वर्षं कपाटात ठेवला. लोक तेच पाणी पीत राहिले. मुलीने तो अहवाल वर्तमानपत्राला दिला. तिला कोणी फितूर म्हणतं, कोणी जागल्या म्हणतं. तिच्या सुटकेच्या अर्जावर मी सही केली आहे आणि तो अर्ज दुकानाच्या काउंटरवर ठेवलाय. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकते. आजपर्यंत एकशे बारा सह्या झाल्या.

तू ओळखत असशील तिला. कशी आहे रे?

तुझ्या मंडळींना आशीर्वाद. उत्तर पाठव, नाहीतर मीच येऊन उभी राहीन.

तुझी,
अक्का


दि. ११ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

माझ्या टेबलापासून सहा फुटांवर बसायची ती. एवढीशी, आणि जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. जुना कागद कोपऱ्याला न धरता खालून तळहातावर कसा घ्यायचा, फाइलीची दोरी कशी बांधायची, हे मीच तिला शिकवलं.

आता नीट वाच. वीस मार्चला मी सरकारपक्षाचा साक्षीदार आहे. अहवाल माझ्या ताब्यात होता, किल्ली माझ्याकडे होती आणि तिने तो नेला, एवढं मला सांगायचं आहे. तेव्हा कृपा करून तो अर्ज काउंटरवरून उचल. साक्षीदाराची सख्खी बहीण सह्या गोळा करतेय हे बरं दिसत नाही.

आणि मला तुझं पटतही नाही. त्याच कपाटांत आपल्याला खबर देणाऱ्या माणसांची नावं आहेत. त्यातला एक कागद बाहेर गेला तर एखाद्याचं घर उठेल. प्रत्येकाने आपल्या मनाला येईल ते कुलूप उघडायचं म्हटलं तर कसं चालेल? बाविसाव्या वर्षी हात वर करून मी शपथ घेतली होती. तिनेही घेतली होती.

हिचा तुला नमस्कार. ही रागावलेली आहे, पण कोणावर ते सांगत नाही.

माझ्यावर रुसू नकोस, एवढंच मागणं.

नाना


दि. १९ फेब्रुवारी

चि. नाना, आशीर्वाद.

रुसले नाही. अर्जही उचलला नाही.

तुझं नावांबद्दलचं बोलणं मात्र मला लागलं. म्हणून त्या मुलीचे वकील गावात आले तेव्हा मी त्यांना गाठून विचारलं. त्यांनी मला वर्तमानपत्राकडे गेलेली प्रत दाखवली. सैनिकांची नावं, पाणी तपासणाऱ्याचं नाव, छावणीचा नकाशा, सगळ्यांवर तिने स्वतःच्या हाताने काळी शाई फिरवली आहे, पट्टी धरून, सरळ. उरल्यात त्या फक्त विहिरी आणि आकडे. कामाची ही पद्धत मला ओळखीची वाटली हो.

परवा कोणीतरी दुकानाच्या काचेवर काळा रंग फेकला. मी बादली घेऊन बाहेर आले तर आपले निवृत्त सुभेदार आधीच रॉकेलचा बोळा घेऊन काच घासत होते. मला वाटत होतं, हेच पहिले मला झापतील. त्यांनी काच स्वच्छ केली, हात धुतले आणि सही केली. मग म्हणाले की अशाच एका मैदानाशेजारी त्यांची पलटण तीन वर्षं राहिली होती, आणि पाणी कुठलं प्यायलो ते त्यांना कोणी कधी सांगितलं नाही.

सगळेच असे नाहीत. कोपऱ्यावरच्या पाववालीचा मुलगा सीमेवर आहे. तिने दुरुस्तीला टाकलेला चष्मा परत मागितला आणि रडत मला सुनावलं की माझ्या मुलाच्या जिवाशी तुम्ही खेळताय. चष्मा दुरुस्त करून मी तिच्या घरी नेऊन दिला. दार तिने पुरतं उघडलं नाही, पण चष्मा घेतला.

तू साक्षीत खोटं बोल असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. एकच विचारते. तो अहवाल आला तेव्हा तू वाचला होतास का?

जेवणखाण वेळेवर करत जा. तुझ्या अक्षराला कंप आलाय, मला दिसतो.

अक्का


दि. २ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

वाचला होता.

वस्तीला कळवणं आवश्यक आहे, असं टिपण मी वर पाठवलं होतं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून ते परत आलं. तिसऱ्या वेळी साहेबांनी मला आत बोलावलं, चहा मागवला आणि अगदी प्रेमाने विचारलं की निवृत्तीला आता किती वर्षं राहिली. त्यानंतर मी लिहायचं थांबवलं.

ती टिपणं त्याच फाइलीत होती. चिमणीने ती वाचली. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन तिने विचारलं की काका, चौथं टिपण कुठे आहे. मी तिला फाइलीची दोरी नीट बांधायला सांगितलं.

सरकारी वकिलांनी बजावलंय की विचारलं तेवढंच बोलायचं. टिपणांबद्दल मला कोणी विचारणार नाही.

हे पत्र फाडून टाक.

नाना


दि. ६ मार्च

चि. नाना,

फाडलं. आधी चारदा वाचलं, मग फाडलं.

मी तिकडे येणार नाही. मी समोर दिसले तर तू माझ्यासाठी काहीतरी करशील, आणि ते मला नको आहे. वीस तारखेला तू काय बोलतोस, काय गिळतोस, हे तुझं तू ठरव. काहीही केलंस तरी पत्राच्या वर मी ‘चि. नाना’ असंच लिहिणार. त्या दिवशी निळा सदरा घाल, पांढऱ्यात तू आजारी दिसतोस.

खूप खूप आशीर्वाद.

अक्का


दि. २१ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल साक्ष झाली. विशेष काही नाही. सर्व ठीक.

नाना


दि. २१ मार्च

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

‘विशेष काही नाही’ असं यांनी तुम्हाला लिहिलेलं मी पोस्टात टाकण्याआधी वाचलं. म्हणून लगेच हे लिहायला बसले.

कोर्टाबाहेर पाचशे तरी माणसं असतील. नर्सबाया होत्या, बसचे ड्रायव्हर होते, वस्तीतल्या बायका विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन उभ्या होत्या. पलीकडच्या फुटपाथवर थोडे लोक फितुराला फाशी द्या म्हणून ओरडत होते. यांना पाहून गर्दीतला एकजण सरकारी पोपट असं म्हणाला. हे खाली मान घालून आत गेले. निळाच सदरा होता.

सरकारी वकिलांनी चार प्रश्न विचारले, चारही वेळा हे होय म्हणाले. न्यायाधीशांनी जायला सांगितलं. हे जागचे हलेनात. मला वाटलं, चक्कर आली. मग हे म्हणाले की एक चूक दुरुस्त करायची आहे. फाइलीची पानं एकोणीस असं कोर्टात वाचून दाखवलं गेलं, पण ती फाइल माझ्या ताब्यात होती आणि तिची पानं बावीस आहेत. उरलेली तीन माझ्या हातची आहेत. वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी त्यांना बसवलं आणि यांना पुढे बोलायला सांगितलं.

वन्सं, हे सलग दहा मिनिटं बोलले. आमच्या लग्नानंतर एवढं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. तिन्ही टिपणं तारखांसकट सांगितली. शेवटी म्हणाले की मुलीने नियम मोडला हे खरं आहे, आणि मला आधी विचारलं असतं तर मी तिला अडवलंच असतं. पण वस्तीला सांगायची पाळी माझी होती, आणि मी जागेवर बसून राहिलो. ती पोर तोवर ताठ उभी होती. तेव्हा मात्र तिने तोंडावर हात घेतला.

बाहेर आलो तर कोणी घोषणा दिली नाही. लोकांनी नुसती वाट करून दिली. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईने यांच्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीपर्यंत आणून दिली.

आज सकाळी निलंबनाचा कागद आला. यांनी तो वाचला, घडी केली आणि दुपारी चांगले तीन तास घोरत पडले. कित्येक महिन्यांनी असे झोपले. मी कोणावर रागावले आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर आता कोणावरच नाही.

तुमची माया आम्हा दोघांवर अशीच राहो.

आपली भावजय


दि. ३० मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

निकाल पेपरात वाचला असशील. चौदा वर्षं मागितली होती, दहा महिने मिळाले, आणि त्यातले जवळजवळ सहा सरलेत. निकालपत्रात बावीसही पानांचा उल्लेख आहे. विहिरींना झाकणं ठोकली, वस्तीला पाण्याचा टँकर येतो. रोज येत नाही, असं तिथल्या बायका सांगतात. माझी चौकशी चालू आहे आणि ती चालेल बराच काळ. नियम तिने मोडला असं मी अजूनही म्हणतो, आणि ही माझ्याशी अजूनही भांडते. घर छान चाललंय.

तुझ्या काउंटरवरच्या सह्या अडीच हजारांवर गेल्या, असं सुभेदारांनी मला कार्ड टाकून कळवलं. त्यात पाववालीची नाही, पण ती परत दुकानात यायला लागली, हेही त्यांनीच लिहिलं. बरं वाटलं.

गुरुवारी तुरुंगात चिमणीला भेटायला गेलो होतो. फाटकावर नोंदवही असते. नाव, पत्ता, वेळ आणि शेवटच्या रकान्यात कैद्याशी नातं. नातेवाईक सोडून कोणाला आत सोडत नाहीत. मी पेन धरून उभा राहिलो, मागची माणसं कुरकुरायला लागली. मग मी ‘सख्खा काका’ असं लिहिलं, स्वच्छ अक्षरात.

पस्तीस वर्षांत माझ्या हातून झालेली ही पहिली खोटी नोंद. शिपायाने ती वाचली, शिक्का मारला आणि दार उघडलं.

तुझा,
नाना