पांढऱ्यावरची लाल रेघ

करंजाडे,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय कैनातआपा,

सलाम. उरणला सगळे खुशाल असतील. मी बरी आहे, थोडी सर्दी आहे इतकंच. तू फोन उचलत नाहीस, म्हणून आमच्या यार्डात झहूरभाईंच्या हाती डबा देते आहे. वर सांदणं, खाली हे पत्र. त्यांना फक्त सांदणांचं ठाऊक आहे.

अरसलानच्या मंगनीला त्याचे अब्बा, आपले झहूरभाई, उशिरा पोचले, ते माझ्यामुळेच. ‘नात्यापेक्षा तुला लोखंड प्यारं, लग्नाला येऊ नकोस,’ असं तू म्हणालीस. मी ऐकून घेतलं, कारण झहूरभाईंनी बजावलं होतं, ‘कैनातला काय सांगू नको, तिचं बीपी वाढतं.’ आता माझंच वाढायला लागलंय.

त्या दिवशी क्रेनचा हुक तपासायचा होता. आमचं काम साधं असतं. हुकावर लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, वरचा पुसायचा आणि पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. पुसायचं मात्र ओलसर फडक्यानं. माझ्या जोडीच्या संघर्षने घाईत क्लीनरचा फवारा थेट हुकावर मारला. तसं केलं की फटीतला रंगही धुऊन जातो. हुक पांढराशुभ्र दिसला, सगळे खूश झाले.

मी म्हटलं, पुन्हा करायचं, पहिल्यापासून.

‘नाझिया, आज जाऊ दे ना,’ झहूरभाई म्हणाले. ‘एकच मशीन उचलायचं हाय. घरी पावणे आलेत.’

आपा, मलाही जाऊ द्यावंसं वाटलं. तुझा चेहरा डोळ्यांसमोर होता. तरी मी ऐकलं नाही.

दुसऱ्यांदा पावडर वाळली आणि हुकाच्या वळणावर, मेंदीच्या कोनातून निघावी तशी, बारीक लाल रेघ उमटली. झहूरभाईंनी ती वाकून बघितली आणि स्वतःच तो हुक उतरवायला घेतला. दुसरा हुक चढवेपर्यंत उशीर झाला.

मशीन अधांतरी असताना त्याला दोरीने वळवायला बाजूला कोण उभं असतं, हे तू त्यांना कधी विचारलं नसशील. आज विचार.

त्या रात्री घरी येऊन मी खूप रडले, मग पोटभर जेवले. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. तू हवं तेवढं रागाव. तुझं घर भरलेलं आहे, मला तेवढं पुरे.

फक्त डबा रिकामा परत करू नकोस. लग्नाची पत्रिका त्यात मावते.

अरसलानच्या अब्बांना उशिरा का होईना, घरी पाठवणारी
तुझी धाकटी,
नाझिया